नीवी : गाठीत राहिलेला इतिहास



माणूस जे वस्त्र अंगावर वागवतो त्यातले त्याच्या मागे काय उरते, हा प्रश्न कापडाच्या व्यापारात पिढ्या घालविलेल्या आपल्या समाजाने एकदा तरी स्वतःला विचारावा असा आहे. सोन्याचा हिशेब आपण गुंजेपर्यंत ठेवतो. घरातील साज, ठुशी, पाटल्या कोणी, कोणाकडून आणि किती वजनाच्या केल्या, हे आजीपासून नातीपर्यंत सर्वांना मुखोद्गत असते. त्याच आजीच्या शालूचा रंग मात्र तिच्या पश्चात दहा वर्षांनी कोणालाही नीट सांगता येत नाही. धातू टिकतो आणि वस्त्र विरते, हा सृष्टीचा नियम खराच. परंतु या नियमातून सुटून काही धागे आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. ते कसे पोहोचले हे पाहिले, तर आपल्याही घरातील काही गोष्टींचा पुनर्विचार करावासा वाटेल.

प्रारंभी दूरचे उदाहरण घेऊ. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधून रोमन सत्ता मावळली आणि उत्तर जर्मनी व डेन्मार्कच्या बाजूचे अँगल, सॅक्सन, ज्यूट हे लोक तेथे स्थायिक झाले. ख्रिस्ती धर्म त्यांच्यापर्यंत अद्याप पोहोचला नव्हता. आपल्या जुन्या देवतांना भजणारे हे लोक मृताला पूर्ण पोशाखासह पुरत असत. स्त्रीचा पोशाख म्हणजे नळकांड्यासारखे शिवलेले लांब लोकरी वस्त्र. ते दोन्ही खांद्यांवर धातूच्या नक्षीदार पिनांनी, म्हणजे ब्रोचांनी, अडकविलेले असे. त्या दोन ब्रोचांच्या मध्ये छातीवर काचेच्या आणि पिवळ्या अंबराच्या मण्यांची माळ रुळे. कमरेला पट्टा, त्याला धातूचे बक्कल, आणि पट्ट्याला लटकणारी सुरी, किल्ल्या व छोटी पिशवी असा एकंदर थाट असे. काही प्रदेशांतील स्त्रिया बाहीच्या मनगटाशी धातूच्या आकड्यांची जोडी लावीत. ब्रोच बशीसारखा गोल आहे, क्रुसाच्या आकाराचा आहे की चौकोनी माथ्याचा आहे, यावरून ती स्त्री कोणत्या भागातील आणि साधारण कोणत्या काळातील, याचा अंदाज आज संशोधक बांधतात.

या थडग्यांतील वस्त्रे कुजून गेली. परंतु ब्रोचाच्या पाठीमागे, जेथे कापड धातूला चिकटून होते तेथे, एक चमत्कार घडला. तांबे व लोखंड गंजताना त्यांतील क्षार धाग्यात मुरले आणि धाग्याचा आकार जसाच्या तसा धातूत उतरला. नखाएवढ्या त्या ठशावरून विणकर सूत कोणत्या बाजूला पीळ देत होता, वीण साधी होती की तिरकी, धागा लोकरीचा होता की जवसाच्या तागाचा, हे सारे वाचता येते. इंग्लंडमधील प्राचीन पोशाखाविषयी जे ठामपणे सांगता येते त्यातील मोठा भाग अशा गंजलेल्या ठशांतून आलेला आहे.

त्यांच्यापैकी पुष्कळजण आपल्याप्रमाणे दहनही करीत. नॉरफोकमधील स्पाँग हिल येथे दहनानंतरच्या अस्थी ठेवलेले दोन हजारांहून अधिक कलश सापडले. त्यांत वितळून गोळा झालेले काचमणी आणि वाकलेले ब्रोच मिळतात, वस्त्र मात्र उरत नाही. पुढे इसवी सन ५९७ मध्ये ऑगस्टीन हा धर्मोपदेशक केंटमध्ये आला. ख्रिस्ती धर्म पसरत गेला आणि आठव्या शतकापर्यंत पोशाख-अलंकारांसह पुरण्याची प्रथा मावळली. प्रथा संपताच पुरावाही आटला.

या गोष्टीला आपल्या देशाचाही एक धागा आहे. १९३९ साली सफोकमधील सटन हू येथे एका राजपुरुषाचे दफन उघडकीस आले. त्यातील सोन्याच्या खांदेपट्ट्यांवर लाल तामडे खडे इतक्या बारकाईने जडविले आहेत, की पाहणारा सोनार थक्क व्हावा. त्या शतकांत युरोपात वापरलेल्या तामड्यांची प्रयोगशाळांत तपासणी झाली, तेव्हा त्यांतील अनेक खडे भारत व श्रीलंका येथून गेल्याचे दिसून आले. खडा खाणीतून निघून समुद्र ओलांडीपर्यंत किती दलालांच्या, सराफांच्या आणि तांडेवाल्यांच्या हातांतून गेला असेल! त्यांची नावे कोठेही नाहीत. खडा तेवढा राहिला.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातील उत्खननांत मणी मिळतात, शंखाच्या व काचेच्या बांगड्या मिळतात, वाळे आणि कर्णभूषणे मिळतात. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहन व बहामनी अशा दोन काळांतील वसाहतींचे अवशेष निघाले. त्यांत रंगीत काचबांगड्यांचे तुकडे विपुल होते. परंतु इंग्लंडच्या थडग्यांत जोडीजोडीने मिळणारा ब्रोच आपल्याकडील पोशाखात दिसत नाही, कारण आपल्या वस्त्राला त्याची गरजच नव्हती.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील दांपत्यमूर्ती आठवा. पुरुषाच्या मस्तकी भरघोस पागोटे आहे, त्याचा पीळ कपाळावर गाठीसारखा उभा आहे. कमरेला धोतर व त्यावर कमरबंद आहे. स्त्रीच्या कमरेला मेखला, पायांत जाड वाळे आणि हातांत बांगड्या आहेत. एवढ्या पोशाखात कोठेही टाचणी नाही, बक्कल नाही. सारे वस्त्र गुंडाळलेले, चुणलेले, खोचलेले आणि गाठ मारलेले आहे. त्यांचा पोशाख पिनेवर उभा होता आणि आपला गाठीवर. पिन जमिनीत दीड हजार वर्षे राहते. गाठ सुटली की तिची खूणही राहत नाही. ती कशी मारायची हे ज्ञान आईच्या हातातून मुलीच्या हातात जाते, आणि एक पिढी खंडली की संपते.

तरीही दोन ठिकाणी भाग्याने धागा उरला. प्रवराकाठच्या नेवासे येथे आणि पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे हे लोक मृत बालकांना घराच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत ठेवीत. दोन्ही ठिकाणी एकेका बालकाच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या छिद्रांत तांब्याच्या क्षारांनी जपलेला दोरा शिल्लक होता. ब्रोचाच्या पाठीवर घडला तोच चमत्कार येथे इवल्याशा मण्याच्या पोटात घडला होता. तपासणीत नेवाशाच्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस आढळले, तर चांडोलीचा दोरा जवसाच्या तागाचा निघाला. कोणा मातेने आपल्या लेकराच्या गळ्यात ती माळ बांधली असेल. तिची भाषा, तिचे नाव, तिचा देव यांतील काहीच आपणास ठाऊक नाही. तिने ओवलेला दोरा मात्र ठाऊक आहे.

येथे जिनवाणीच्या अभ्यासकांना एक गोष्ट सहज आठवेल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहपरिमाण व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य यांच्या जोडीने ‘कुप्य’ असा एक शब्द येतो. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ उलगडताना क्षौम, कार्पास व कौशेय, म्हणजे तागाचे, कापसाचे व रेशमाचे वस्त्र, आणि चंदनादी वस्तू सांगितल्या आहेत. नेवासे आणि चांडोली येथील बालकांच्या गळ्यांतील धागे नेमके हेच तीन! पूज्यपादांचा काळ सामान्यतः पाचव्या-सहाव्या शतकाचा मानला जातो. इंग्लंडमध्ये ते ब्रोचधारी लोक वसत होते त्याच सुमारास कर्नाटकात एक दिगंबर आचार्य, ज्यांच्या देहावर सुताचाही धागा नव्हता, गृहस्थाने कोणत्या वस्त्रांची मर्यादा करावी हे नोंदवून ठेवीत होते.

श्वेतांबर परंपरेच्या आचारांगसूत्रातही असाच योग आहे. त्याच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात ‘वस्त्रैषणा’ हे स्वतंत्र अध्ययन आहे. साधूने लोकर, ताग, कापूस इत्यादींपैकी कोणते वस्त्र याचावे, तरुण व निरोगी मुनीने एकच वस्त्र वापरावे, साध्वीला चार वस्त्रे किती हात रुंदीची असावीत, याचे काटेकोर नियम तेथे आहेत. पाठोपाठ कोणती बहुमोल वस्त्रे घेऊ नयेत त्यांची लांबलचक यादी येते. तलम वस्त्रे, पट्टवस्त्रे, निळ्या कापसाची वस्त्रे, वंगदेशीची वस्त्रे, सोन्याच्या तारेने सजविलेली चर्मे अशी त्यागाची ती यादी आहे. आज प्राचीन भारतातील वस्त्रप्रकारांचा अभ्यास करणारा संशोधक तीच यादी आधाराला घेतो. ज्यांनी वस्त्राचा मोह सोडला त्यांच्याच लेखणीने वस्त्रांची नावे जपली.

आता व्यापाऱ्यांना विशेष रुचेल असा एक पुरावा पाहू. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. हे दान बौद्ध संघाला दिलेले आहे, परंतु त्यातील व्यवहार सर्व पेढीवाल्यांनी वाचण्याजोगा आहे. उषवदाताने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. पैकी २००० दरमहा शेकडा १ व्याजाने एका श्रेणीकडे, आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने दुसरीकडे. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. वाचकांनी हिशेब करून पाहावा. २००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षाला २४०. वीस जणांत वाटले तर प्रत्येकी बरोबर १२. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ वृद्धी भोगावयाची, आणि हा करार नगरसभेत वाचून दाखवून फलकावर नोंदलेला आहे, असेही लेख सांगतो.

ते वस्त्र कधीच विरले. त्या श्रेणींच्या मागांची एक फळीही उरलेली नाही. परंतु सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या वस्त्राला वर्षाकाठी किती रक्कम लागे असे धरले होते, हे आज आपण दिडकीपर्यंत सांगू शकतो, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले.

आणि त्या लेखात अशा अक्षय ठेवीला कोणता शब्द आहे? ‘अक्षयनीवी’. संस्कृतात नीवी म्हणजे कमरेच्या वस्त्राची गाठ, आणि नीवी म्हणजेच व्यापारातील मुद्दल. एकाच शब्दाने कमरेची गाठ आणि पेढीचे भांडवल दोन्ही सांगितले आहे. आपल्या मराठीतही हे नाते जिवंत आहे. पैसा कनवटीला लावतात, शिल्लक गाठीला असते, स्वतःच्या खिशातून खर्च केला तर ती पदरमोड होते, आणि मिळाले ते पदरात पडते. ज्या गाठीची खूण उत्खननात मिळत नाही, ती भाषेत शाबूत आहे.

आपल्या धर्मात तर या गाठीला आणखी खोल अर्थ आहे. जैन श्रमणाचे प्राचीन नाव ‘निर्ग्रंथ’. ज्याची ग्रंथी, म्हणजे गाठ, उरली नाही तो. बाहेरची वस्त्राची गाठ आणि आतली ममत्वाची गाठ, दोन्ही सुटलेला. क्षुल्लक, ऐलक आणि मुनी या क्रमाने गाठी कमी होत जातात. आपण श्रावक गाठ बांधून राहणारे. आपल्याला गाठ सोडण्याची आज्ञा नाही, ती मोजून बांधण्याची आहे. ज्याचे परिमाण करावयाचे ते आधी मोजावे लागते, आणि मोजलेले नोंदवावे लागते. आपल्या समाजात कीर्द-खतावणीचा जो आदर आहे त्याचे एक मूळ या व्रतातही शोधता येईल.

आता आपल्या दूधगंगा-वेदगंगा खोऱ्यातले वर्तमान पाहू. बिद्री, मुरगूड, कागल, गारगोटी या पेठांतील कापड दुकानांत कित्येक दशके लग्नाचे बस्ते बांधले गेले. ऊसबिल जमा झाले की शेतकरी कुटुंब गाडी करून दुकानी येई. नवरीचा शालू, सासू-नणंदांच्या मानाच्या साड्या, चोळीचे खण, धोतरजोडी, फेटे, टॉवेल-टोप्या असे एकेक नग गादीवर पसरून ठरविले जात, आणि त्यांची तपशीलवार नोंद दुकानाच्या वहीत पडे. कोणत्या वर्षी नऊवारीच्या जागी सहावारीची मागणी वाढली, धोतरजोडी बस्त्यातून केव्हा नाहीशी झाली, इरकली कधी मागे पडली, हे या भागाच्या पोशाखाचे सगळे चरित्र त्या वह्यांत आहे. इंग्लंडच्या संशोधकाला जे थडग्यांतून कणाकणाने गोळा करावे लागते, ते येथे आपल्याच मोडीत, आपल्याच बाळबोधीत लिहिलेले आहे. आणि दुकानाचे नूतनीकरण निघाले की प्रथम रद्दीत जाते ती हीच वही.

शालूंची दशा याहून वाईट आहे. जुन्या खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. जुनी जरीची साडी वजनावर विकत घेणारे लोक दारोदारी येतात. ती साडी पुढे भट्टीत जाते, कापड जळून राख होते आणि चांदी वेगळी काढली जाते. स्पाँग हिलच्या कलशात घडले ते येथे आपण हाताने घडवितो. आजीने ज्या शालूत या घराचा उंबरठा ओलांडला त्याचे मोल काही ग्रॅम चांदी एवढेच ठरते.

कोणी म्हणेल, जुने साठविणे हा परिग्रह नव्हे काय? शिवाय रेशमात जीवहिंसा आहे. दोन्ही आक्षेप विचारार्ह आहेत. अहिंसेच्या भावनेने नवे रेशीम घेण्याचे ज्यांनी वर्ज्य केले त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु साठ वर्षांपूर्वी विणलेले वस्त्र भट्टीत घातल्याने गेलेला एकही जीव परत येत नाही, आणि ते विकून आलेल्या पैशात दुसरे काही घेतले तर परिग्रहही घटत नाही. पेटीभर साड्या जपाव्यात असे म्हणणे नाही. वापरण्याजोग्या साड्या गरजूंना अवश्य द्याव्यात. घरात एका पिढीचे एक वस्त्र, जाणूनबुजून आणि परिमाणात, ठेवावे एवढेच सुचवायचे आहे.

ते ठेवताना सोबत एक चिठ्ठी ठेवावी. वस्त्र कोणाचे, कोणत्या प्रसंगाचे, कोणत्या गावच्या पेठेतून घेतलेले, ठाऊक असल्यास किती रुपयांचे, हे चार ओळींत लिहावे. वस्त्र प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावे, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी, म्हणजे एकाच रेषेवर ते चिरणार नाही. जुन्या बस्त्याच्या वह्या असल्यास त्या रद्दीत देण्यापूर्वी एखाद्या महाविद्यालयाच्या वा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवाव्यात.

आणि सर्वांत निकडीचे काम भगिनींकडे आहे. घरात नऊवारी नेसणारी वडीलधारी स्त्री असेल, तर तिच्याकडून ते नेसणे शिकून घ्यावे. पहिली गाठ कोठे मारायची, निऱ्या किती घ्यायच्या, ओचा कसा सोडायचा, काष्टा कोठे खोचायचा, हे तिच्या बोटांना ठाऊक आहे. आज आपण साडीला सर्रास सेफ्टी पिन लावतो. दीड हजार वर्षांनी कोणी या भूमीचे उत्खनन केले, तर त्याला त्या पिना मिळतील आणि आपले वस्त्र पिनेवर उभे होते असे तो लिहील. निदान आपल्या काळापुरते तरी ते पूर्ण सत्य असणार नाही, याची काळजी आपल्याच हाती आहे.

या दीपावलीला वहीपूजन करताना नव्या वहीच्या शेवटी एक पान वेगळे काढावे. त्यावर घरातील एका जुन्या वस्त्राची नोंद करावी. गाठ मारणारे हात आज ना उद्या जाणारच आहेत. नोंद राहिली तर मुद्दल अक्षय राहील.

जय जिनेंद्र.